कोण लागतो तो आपला?

पंचवटी, नाशिक
१८ एप्रिल २०१९

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तिसाव्या वर्षी बाळ म्हटलेलं तुला आवडत नाही, माहीत आहे. पण पत्राच्या वरती दुसरं काही लिहायला हात धजत नाही. फोनवर आपलं बोलणं जेवलास का, पाऊस आहे का, गाडीचं रिझर्व्हेशन झालं का, एवढ्यावरच संपतं, आणि मला जे सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही. शिवाय बाहेर सकाळपासून प्रचाराच्या रिक्षा फिरताहेत, त्यांच्या भोंग्यात मला तुझा आवाज ऐकू येत नाही आणि तुला माझा. म्हणून बाबांच्या जुन्या डायरीची कोरी पानं काढून बसले आहे.

रंगपंचमीच्या दुपारी तू फोन केलास. २५ मार्च. शनी चौकातली रहाड उघडलेली, त्या हौदातल्या गुलाबी पाण्यात पोरांचे धप्पे चाललेले, ढोल असा की खिडकीची काच थरथरत होती. मी ओट्यावर उभी राहून बघत होते. कुणीतरी येऊन गालाला रंग फासून गेलं होतं, त्याच हाताने फोन उचलला. तू काय म्हणतोस ते कळेना, नुसता तुझा श्वास ऐकू येत होता. माझ्या छातीत धस्स झालं. वाटलं, अपघात झाला. आत येऊन दार लावलं तेव्हा तू म्हणालास, "आई, स्कॉट वॉकर गेला गं."

मी विचारलं, "कोण? ऑफिसातला?"

"गाणारा, आई. मी तुला ऐकवला होता."

आणि तू रडायला लागलास. दहावीनंतर मी तुझं रडणं ऐकलं नव्हतं. तू म्हणालास, "बाबा गेले तेव्हा मी याच्याच आधारावर होतो."

त्यावर मी जे बोलले ते मला जसंच्या तसं आठवतं, आणि तुलाही आठवत असणार. "बाबा गेले तेव्हा तुझ्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही, आणि आज कुठल्या परक्यासाठी रडतोस? कोण लागतो तो आपला?"

तू म्हणालास, "काही नाही. ठेवतो." आणि ठेवलास.

हे वाक्य माझं नव्हतं, बाळा. ते मला मिळालेलं होतं. १२ जानेवारी १९९२, रविवार. संक्रांत दोन दिवसांवर होती. मी गॅसवर गुळाचा पाक घेतला होता, तीळ भाजून ताटात पसरलेले होते आणि तू अडीच वर्षांचा, ताटातले तीळ मुठीने खात होतास. रेडिओवर बातमी लागली की देवासला कुमार गंधर्व गेले. पाक पुढे गेला, काळा पडला, पातेलं धुरकटलं, आणि मी तशीच उभी. तुझी आजी धावत आली, गॅस बंद केला आणि माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाली, "अगं, कोण लागत होते ते आपले?" आजी वाईट नव्हती. तिच्या हिशेबात गूळ वाया गेला होता आणि घरातली सून सणाच्या तोंडावर परक्या पुरुषासाठी रडत होती. मी तोंड धुतलं आणि दुसरा पाक घेतला. वड्या चांगल्या झाल्या. पण ते रडणं माझ्या घशात कुठंतरी तसंच राहिलं, आणि सत्तावीस वर्षांनी मी तेच वाक्य उचलून तुझ्या अंगावर टाकलं.

कुमारांचं माझ्या आयुष्यात काय होतं हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही. माझं गाणं लग्नाबरोबर सुटलं. मध्यमापर्यंतच्या परीक्षा झाल्या होत्या, विशारद करायचं होतं. ते राहिलं ते राहिलंच. स्वयंपाकघरात एक छोटा टेप होता आणि कुमारांच्या दोन कॅसेटी. तुला माहीत असेल, लहान वयात ते मोठमोठ्या गवयांची गायकी हुबेहूब उचलून गात आणि लोक त्यांना डोक्यावर घेत. मग १९४७ च्या सुमारास क्षय झाला. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी. देवासला पाच-सहा वर्षं अंथरुणावर, गाणं बंद. त्या अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली, दारावरून जाणाऱ्या जोग्यांची निर्गुणी भजनं ऐकली, आणि उठले ते निराळंच गाणं घेऊन. छोटे तुकडे, मध्येच थांबणं, थांबून तिथं शांतता ठेवणं. पुष्कळ जाणत्यांना ते रुचलं नाही. माझ्या गाण्याच्या बाईंना तर अजिबात नाही. पण मला ती थांबण्याची जागा फार हवीशी वाटायची. ते थांबले की पोळी लाटता लाटता मी मनात पुढचा सूर लावायचे. तेवढंच माझं गाणं उरलं होतं. तो माणूस गेला तेव्हा माझ्या गाण्याची जागा गेली. हे आजीला कसं सांगणार? आणि हे सगळं ज्या बाईवरून गेलेलं आहे, तिनेच तुला विचारावं, कोण लागतो?

त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे उठून तुझ्या खणातले मोठे काळे हेडफोन काढले, ज्यांच्या एका कानाला बाबांनी चिकटपट्टी लावून दिली होती. शेजारची मुलगी कॉलेजला जाण्यापूर्वी येते, तिला सांगितलं, या माणसाचं सगळं सालवार लावून दे. तिने वहीत यादी करून दिली. गेले तीन आठवडे, दुपारी भांडी झाली की मी तेच करते आहे. काय ऐकलं ते तुला सांगायचं आहे. तुला सगळं ठाऊक आहे. माझ्या कानाने ऐकलेलं मात्र तुला ठाऊक नाही.

सुरुवातीचा तर मला लगेच ओळखीचा वाटला. अमेरिकेत ओहायोतल्या हॅमिल्टनला १९४३ साली जन्मलेला नोएल स्कॉट एंगल. तिघे मित्र, कुणाचं कुणाशी भावाचं नातं नाही, तरी 'वॉकर ब्रदर्स' म्हणवून घेतात, १९६५ साली इंग्लंडला येतात आणि तिथं पोरी वेड्या होतात. 'द सन एन्ट गॉना शाइन एनीमोर' १९६६ मध्ये तिकडे पहिल्या क्रमांकावर होतं, तेव्हा हा तेवीस वर्षांचा. तू कॉलेजात असताना हेच मला ऐकवलं होतंस आणि मी म्हटलं होतं, हा तर त्यांचा हेमंतकुमार. अजूनही तसंच म्हणेन. खर्जातला, मोठ्या दिवाणखान्यात घुमावा तसा आवाज. एवढ्या व्हायोलिनांच्या वरही तो कुठं ओरडत नाही. त्याच वर्षी तो एका बेटावरच्या मठात साधूंचं सामूहिक गायन शिकायला गेला हे वाचून मी थबकले. गाजायला लागल्याबरोबर ज्याला मठ आठवतो, तो त्या गाजण्यात फार दिवस राहणार नाही, हे तेव्हाच कुणाच्या लक्षात यायला हवं होतं. चाहते तिथंही पोचले म्हणे.

मग त्याच्या एकट्याच्या चार रेकॉर्डी, १९६७ ते १९६९. नुसतं नाव आणि क्रमांक. पहिल्या तीन धडाक्यात खपल्या. चौथीत पहिल्यांदाच सगळी गाणी त्याची स्वतःची, आणि तीवर त्याने जन्माचं नाव घातलं, आणि ती पडली. बाळा, मला सगळ्यांत आवडली ती हीच. पहिल्याच गाण्यात एक लढवय्या मृत्यूशी बुद्धिबळ खेळतो. बर्गमन नावाच्या दिग्दर्शकाच्या सिनेमावरून घेतलेलं, हे शेजारच्या मुलीने शोधून सांगितलं. पण ते नसतं कळलं तरी चाल ऐकून अंगावर काटा आला होता. इतकं चांगलं काम करावं, त्याखाली आपलं खरं नाव लिहावं आणि कुणी फिरकू नये. मी कागद बाजूला ठेवून जरा बसून राहिले.

त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांबद्दल फार लिहीत नाही. दुसऱ्यांची गाणी, गोड आवाज, आत कुणी नाही. पुढे त्यालाच ती नकोशी झाली होती. माझी ती वर्षं मी कशी काढली ते मला आठवतं, म्हणून त्याला नावं ठेवत नाही.

१९७८ ला जुने तिघे शेवटचे एकत्र आले तेव्हाच्या रेकॉर्डमध्ये त्याची चार गाणी आहेत आणि तिथं दार उघडतं. 'द इलेक्ट्रिशियन' हे छळकोठडीवरचं गाणं आहे. विजेचे चटके देणाऱ्याचं. आणि मध्येच तंतुवाद्यं इतकी सुंदर वाजतात की आपली आपल्यालाच भीती वाटते, की हे मला गोड का लागतंय? त्यानंतर १९८४ ला एक रेकॉर्ड, तीत काही गाण्यांना नावंच नाहीत, नुसते आकडे. मग १९९५ ला 'टिल्ट'. मग २००६ ला 'द ड्रिफ्ट'. अकरा-अकरा वर्षांचं अंतर. आपल्याकडे सिंहस्थ बारा वर्षांनी येतो आणि गाव आधी दोन वर्षं तयारीला लागतं. हा अकरा वर्षं गप्प बसायचा आणि मग येऊन एक रेकॉर्ड ठेवून जायचा. मैफली केव्हाच सोडलेल्या. एकदा रेकॉर्ड पुरी झाली की स्वतः ती पुन्हा ऐकतही नसे. २०१७ ला लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या तरुणपणीच्या गाण्यांचा मोठा कार्यक्रम झाला, त्यात दुसरे गायले. तो गायला नाही.

आणि आवाज! तो खर्ज त्याने सोडून दिला. जो आवाज ऐकायला लोक रांगा लावत, तोच बाजूला ठेवला आणि वरच्या पट्टीत, ताणलेल्या तारेसारखा गाऊ लागला. माझ्यासारखीला यातलं धाडस लगेच कळतं. गळ्यातली सोपी जागा सोडणं फार अवघड असतं. टाळ्या तिथंच मिळतात.

'द ड्रिफ्ट' ऐकताना मी एकदा हेडफोन काढून टाकले. त्यात मुसोलिनी आणि त्याची प्रेयसी क्लारा यांच्यावरचं गाणं आहे. १९४५ मध्ये त्यांना मारून मिलानच्या चौकात उलटं टांगलं होतं. त्यात जो ठोका पडतो तो कुठल्या वाद्याचा आहे ते मला कळेना. ओला, बोथट, कसल्याशा मऊ वस्तूवरचा. मग वाचलं, की वादकाने डुकराच्या मांसावर बुक्के मारून तो आवाज काढला होता. आपलं घर माळकऱ्याचं. बाबांच्या गळ्यातली तुळशीची माळ अजून देव्हाऱ्यात आहे. मी लॅपटॉप मिटला आणि दोन दिवस उघडला नाही. तुझ्यावर रागावलेसुद्धा, की हे ऐकतो माझा मुलगा, एकटा, तिकडे खोलीत बसून.

पण तो ठोका कानातून जाईना. आणि तिसऱ्या दिवशी रात्री आठवलं, की असा एक आवाज आहे जो तू ऐकलेला आहेस आणि मी नाही. अमरधामला खांद्यावर मडकं घेऊन तीन फेऱ्या तू घातल्यास. प्रत्येक फेरीला मडक्याला भोक पाडलं गेलं, पाणी तुझ्या पाठीवर सांडलं, आणि शेवटी तू ते मागे न बघता टाकलंस. आम्ही बायका घरी. मला आजवर कुणी सांगितलं नाही तो फुटण्याचा आवाज कसा होता, आणि मी तुला कधी विचारलं नाही. त्यानंतर बाकीचंही तू ऐकलंस, लाकडं, आग, सगळं. सत्तावीस वर्षांच्या पोराने एकट्याने ऐकलं आणि घरी येऊन माझ्यासमोर बसला, आणि मी बघत राहिले की याच्या डोळ्यांत पाणी का नाही. असे आवाज कानात घेऊन फिरणाऱ्या माणसाने भावगीत ऐकावं तरी कसं? ज्याने तसले आवाज गाण्यात आणून ठेवले, त्याच्याकडेच तो जाणार.

सगळंच मला आवडलं असं लिहिलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस, आणि ते खरंही नाही. २०१२ ची 'बिश बॉश' माझ्याकडून पुरी झाली नाही. त्यात कोयत्यावर कोयता घासल्याचा आवाज आहे, तो मी सहन केला, पण शब्दांचा डोंगर माझ्याने चढवेना. कदाचित तू शेजारी बसून समजावलंस तर चढेन.

आता खरं सांगायचं आहे ते सांगते. त्यासाठी मागे जावं लागेल, 'टिल्ट'कडे. त्यातलं पहिलं गाणं, 'फार्मर इन द सिटी'. पहिल्या दिवशी मी फक्त तंतुवाद्यांत बुडाले. संथ, काळोखी, आणि त्यांच्यावर त्याचा तो वरचा आवाज, कुणाला तरी हाक मारल्यासारखा. १९७५ मध्ये खून झालेल्या पासोलिनी नावाच्या इटालियन कवी-दिग्दर्शकाच्या आठवणीत केलेलं आहे एवढं समजलं. शब्दांकडे लक्ष नव्हतं. याच आठवड्यात, ज्या दिवशी रामाचा रथ निघाला त्या दुपारी, सगळी गल्ली रथाला गेलेली होती. मी चष्मा लावून शब्द समोर घेतले आणि पुन्हा लावलं. आणि त्यात तो लिलाव पुकारतो, बाळा. एकच आकडा, पुन्हा पुन्हा. एकवीस, एकवीस, एकवीस.

मी खुर्चीतून उठले.

तीस वर्षं तुझे बाबा दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात, संध्याकाळच्या पालेभाजीच्या लिलावात, जुड्यांच्या ढिगापुढे उभे राहून हेच पुकारत होते. कोथिंबीर एकवीस, एकवीस, एकवीस, बोला! कुणी बावीस म्हणेना की शेवटचा एकवीस जरा लांबवायचे, शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळावेत म्हणून. तुला मी सांगायला नको, तू सातवीपर्यंत शनिवारी त्यांच्याबरोबर जायचास आणि गोणपाटावर बसून गृहपाठ करायचास. घरी आले की तो आवाज संपलेला असायचा. मीठ-हळदीच्या पाण्याच्या गुळण्या करायचे आणि खुणेने वाढ म्हणायचे. त्यांचा खरा आवाज यार्डातल्या लोकांनी ऐकला. आपल्या वाट्याला त्यांची खाकरण्याची सवय तेवढी आली. पण तू ऐकला होतास. घरात तू एकट्यानेच.

तुला ते आधीच ऐकू आलं होतं ना?

मला तो दहावा दिवस आठवतो. २ ऑगस्ट २०१६. रात्रभर पाऊस, धरणातून पाणी सोडलेलं, गोदावरीला पूर, रामकुंड कुठं आणि दुतोंड्या मारुती कुठं ते दिसेना. गुरुजींनी वरच्या अंगाला एका ओट्यावर विधी उरकला. पिंडाला कावळा शिवेना. एवढ्या पावसात कावळा येणार कुठून, हे कळत होतं, तरी सगळे आभाळाकडे बघत उभे. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. मी मनात धरून बसले, की त्यांचं काहीतरी राहून गेलं. आणि त्या रात्री तू गच्चीवर पत्र्याखाली हेडफोन लावून येरझाऱ्या घालत होतास, दोन वाजेपर्यंत. मावशी मला म्हणाली, बाप जाऊन दहा दिवस झाले नाहीत आणि हा गाणी ऐकतोय. मी तिला काही बोलले नाही. पण आतून मला पटलं होतं तिचं, आणि ते मी तीन वर्षं तुझ्याविरुद्ध मनात ठेवलं.

त्या रात्री कोणतं गाणं होतं ते मला माहीत नाही. हेच होतं असा माझा हट्ट नाही. पण तू आलास की सांग. नाही सांगावंसं वाटलं तरी चालेल.

आपल्याकडे सगळ्याला नियम आहेत. कुणाचं दहा दिवस सुतक, कुणाचं तीन, आणि लांबचं कुणी गेल्याचं कळलं तर नुसती आंघोळ. मी त्या दिवशी तुझा फोन ठेवला आणि गालाचा रंग धुवायला न्हाणीत गेले, डोक्यावरून चार तांबे घेतले. तेव्हा नुसता रंग काढत होते. आता वाटतं, नकळत झाली तर झाली ती आंघोळ त्याच्या नावाने. आपण तर रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर राहणारी माणसं. रोज सकाळी कुठल्या कुठल्या गावची माणसं लाल फडक्यात बांधलेली अस्थी घेऊन रस्ता विचारतात आणि आपण सांगतो, असं सरळ जा, पुलाखालून डावीकडे. मेलेला कोण, तुमचा कोण लागत होता, असं मी आयुष्यात त्यांच्यापैकी कुणाला विचारलेलं नाही. तुलाच नेमकं विचारलं.

स्कॉट वॉकर मागे एक मुलगी, एक नात आणि जोडीदार ठेवून गेला असं वाचलं. बरं वाटलं, घरात माणसं होती.

परवा समोरच्या वाड्यातल्या गुरुजींना विचारलं, तर्पणात नेमकं कुणाकुणाला पाणी देतात? त्यांनी सांगितलं, आई-बाप, आजे-पणजे झाले की मामा, मावश्या, सासरे येतात, आणि शेवटी शेवटी गुरू, शिष्य, मित्र. मी म्हटलं, ज्याला आपण कधी डोळ्यांनी पाहिलंच नाही असा गुरू चालतो का? ते म्हणाले, पणज्याला तरी कुठं पाहिलेलं असतं, वहिनी. कुणासाठी विचारता म्हणाले. मी तुझं नाव सांगितलं नाही. माझ्याच दोन कॅसेटी डोळ्यांसमोर आल्या होत्या.

७ मेला अक्षय्य तृतीया आहे, मंगळवार. सोमवार-मंगळवारची रजा टाकलीस तर शनिवारी रात्री निघून येता येईल. बाबांची घागर भरायची आहे. हापूस महाग आहे यंदा, तरी त्यांच्यापुढे ठेवण्यापुरता आणेन, आणि तुझ्यासाठी सांजोऱ्या करेन. दुपारी सगळं आवरलं की त्याची ती २०१४ ची, गाण्यांची शेवटची रेकॉर्ड आपण दोघांनी मिळून ऐकायची, मी ती मुद्दाम बाजूला ठेवली आहे. एक कान तुला, एक मला, तुटका कान मी घेते.

कुंभारवाड्यात जायचंय ते मी रविवारी जाणार आहे. उशीर केला की चांगल्या घागरी संपतात. एक आणू की दोन, तेवढं त्याआधी कळव.

तुझी,
आई